भट्टीची सवय

माझे अब्बा तीस वर्षे बेकरीच्या भट्टीपुढे उभे होते. कुणी काळजी केली की म्हणायचे, 'सवय आहे.' एका मे महिन्यात भर दुपारी ते तिथेच कोसळले. वाचले, पण पुन्हा भट्टीपुढे उभे राहू शकले नाहीत. त्या 'सवयी'चा अर्थ मला फार उशिरा, वाचनातून कळला.

उकडलेले अंडे गार केले तरी पुन्हा पातळ होत नाही. प्रथिनांच्या साखळ्या ठरावीक घडीत दुमडलेल्या असतात. उष्णतेने ती घडी मोडते, साखळ्या एकमेकींत गुंततात. आपल्या पेशींतली नाजूक प्रथिनेही कडक तापात अशीच सैल होऊ लागतात. मग पेशी तगते कशी?

उत्तराची सुरुवात इटलीत, एका चुकीतून झाली. १९६०च्या दशकाच्या आरंभी फेरुच्चो रितोसा फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथी तपासत होते. कुणीतरी पेटीचे तापमान वाढवून ठेवले आणि गुणसूत्रांवर भलत्याच जागी फुगवटे दिसले. फुगवटा म्हणजे तिथले जनुक कामाला लागल्याची खूण. दुसऱ्याने नमुना बिघडला म्हणून फेकून दिला असता. रितोसांनी मुद्दाम उष्णता देऊन पुन्हा पाहिले. फुगवटे पुन्हा आले. एका मान्यवर नियतकालिकाने मात्र, यात जीवशास्त्रीय महत्त्व नाही, म्हणून लेख परत केला. कवीला 'साभार परत' नवे नाही, पण इथे मीही हळहळलो. अखेर १९६२मध्ये 'एक्स्पेरिएन्शिया'ने तो छापला.

पुढे १९७४मध्ये तिसिएर, मिचेल आणि ट्रेसी यांनी दाखवले, की उष्णता मिळताच माशीच्या पेशी काही खास प्रथिने झपाट्याने बनवतात. हीच 'हीट शॉक प्रोटीन्स'. सुटत चाललेल्या साखळ्यांना ती धरून ठेवतात, गुंतू देत नाहीत, पुन्हा घडी बसवायला मदत करतात. जिवाणूंपासून गहू आणि माणसापर्यंत ती सापडली. आधी थोडी उष्णता सोसलेली पेशी नंतरची जास्त उष्णता सोसते, तीही बरीचशी यांच्याच बळावर.

म्हणजे अब्बा खोटे बोलत नव्हते; सवय खरोखरच पेशीपेशीत असते. पण तिलाही मर्यादा आहे. शरीराचे तापमान चाळीस अंशांपुढे जाऊन तिथेच राहिले, तर ही डागडुजी अपुरी पडते आणि माणूस उष्माघाताने कोसळतो. म्हणून उन्हात डांबर टाकणारा कुणी 'सवय आहे' म्हणाला, तर मी आता मान डोलवत नाही. त्याला सावलीत बसवतो, पाणी देतो.