साबणाचं नाव आणि आडनाव



घरातल्या साबणाचं वेष्टन उलटं करून बारीक अक्षरं वाचा. सोडियम पामेट, सोडियम कोकोएट, सोडियम टॅलोएट अशी जोडनावं दिसतील. ही नावं उलगडता आली, तर साबण खोबरेलाचा की चरबीचा, हे दुकानातच कळतं. शाकाहारी घरांसाठी हा प्रश्न काही लहान नाही.

तेल किंवा चरबी क्षारात उकळली की साबण होतो, हे माणसाला हजारो वर्षं ठाऊक होतं. पण भांड्यात नेमकं काय घडतं? १८११ मध्ये पॅरिसच्या मिशेल शेव्रल यांनी डुकराच्या चरबीचा साबण तपासायला घेतला. त्यातून मोत्यासारखा चमकणारा पदार्थ निघाला, म्हणून त्यांनी ग्रीक भाषेतल्या मोत्यावरूनच त्याचं नाव ठेवलं. (आपल्याला दिवाळीचा मोती साबण आठवणारच!) पुढे १८२३ च्या ग्रंथात त्यांनी सगळी उकल मांडली. तेल किंवा चरबी म्हणजे मेदाम्लं आणि ग्लिसरीन यांची जोडी. क्षार ही जोडी फोडतो, ग्लिसरीन सुटं होतं आणि मेदाम्ल धातूशी जुळतं. हाच साबण. शेव्रल १०२ वर्षं जगले, १८८९ मध्ये गेले.

साबणाची वर्गवारी याच उकलीवर उभी आहे. पहिला शब्द धातूचा. तो स्वभाव सांगतो. सोडियम असेल तर घट्ट वडी, पोटॅशियम असेल तर मऊ किंवा पातळ साबण. कॅल्शियमचा साबण पाण्यात विरघळतच नाही. लंडनच्या जड पाण्यात टबाला जी पांढरट कड धरते, ती हीच. लिथियमचा साबण तर अंगाला लावायचा नसतोच, त्यापासून यंत्रांचं ग्रीस बनतं.

दुसरा शब्द म्हणजे आडनाव. ते कूळ सांगतं. कोकोएट म्हणजे खोबरेल. त्यातलं लॉरिक आम्ल १२ कार्बनचं, म्हणून फेस भरभर येतो. पामेट म्हणजे पामतेल. टॅलोएट म्हणजे गाईगुरांची किंवा मेंढ्यांची चरबी. या दोन्हींत १६ आणि १८ कार्बनची आम्लं भरपूर असतात, म्हणून वडी टणक होते आणि जास्त दिवस टिकते.

एक मेख मात्र आहे. सोडियम स्टिअरेट हे नाव फक्त आम्लाचं आहे. ते आम्ल चरबीतूनही मिळतं आणि पामतेलातूनही, आणि दोन्हीकडे ते अगदी एकच असतं. त्यामुळे इथे आडनावावरून कूळ कळत नाही. वेष्टनावर वनस्पतिजन्य असा उल्लेख आहे का ते पाहावं, नाहीतर कंपनीला सरळ विचारावं.

असं विचारण्यात संकोच कसला? हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. मुंबईच्या गोदरेज कंपनीने १९१८ मध्ये प्राण्यांची चरबी न वापरता, वनस्पती तेलांपासून केलेला ‘चावी’ साबण बाजारात आणला, तो याच प्रश्नाला दिलेलं उत्तर होता.

तर मंडळी, पुढच्या खरेदीला मुलांनाच वेष्टन वाचायला द्या. रसायनशास्त्राचा एक धडा तिथेच होऊन जाईल.