सांत्वनाचे ताट

नाताळच्या दिवसांत गोव्यातील ख्रिस्ती घरांतून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे मिठाईची जी ताटे जातात, त्यांना ‘कोन्सोआद’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आला. पोर्तुगालमध्ये ‘कोन्सोआदा’ म्हणजे मुळात उपवासाच्या दिवशी सायंकाळी घेतला जाणारा अल्पाहार आणि पुढे नाताळच्या पूर्वरात्रीचे कौटुंबिक भोजन. शब्दकोशकार त्याचे मूळ लॅटिन भाषेतील सांत्वनवाचक धातूत शोधतात. उपवासाने थकलेल्या देहाला दिलेला दिलासा एवढाच त्याचा आरंभीचा आशय असेल. तथापि बेबिंका, दोदोल, नेवऱ्या यांनी भरलेल्या ताटाला सांत्वनाचे नाव असावे, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. सण आनंदाचा आणि पदार्थ गोड, मग सांत्वन कोणाचे? या प्रश्नाचा मागोवा घेताना आपल्याला फार जुन्या काळापासून आरंभ करावा लागतो.

जुन्या करारात मृतांसाठी केलेल्या अन्नदानाविषयी दोन वेगळे सूर ऐकू येतात. तोबीतच्या पुस्तकात वृद्ध पिता आपल्या मुलाला अखेरचा उपदेश करतो. मला नीट मूठमाती दे, आईला जन्मभर मान दे आणि ती गेल्यावर तिला माझ्याशेजारीच ठेव, असे तो सांगतो. त्याच उपदेशात नीतिमानांच्या कबरीवर भाकर ठेवण्याचीही आज्ञा आहे. याउलट बेनसिराच्या ग्रंथात थडग्यावर मांडलेले अन्न निरर्थक ठरवले आहे, कारण मिटलेल्या मुखाला पक्वान्नाचा काय उपयोग?

यिर्मया संदेष्टा आपल्याला तिसऱ्याच रीतीची माहिती देतो. देवाच्या कोपाचे दिवस वर्णन करताना तो म्हणतो की, त्या दिवसांत आई किंवा बाप गमावलेल्या माणसाला कोणी भाकर मोडून देणार नाही, की सांत्वनाचा प्याला पाजणार नाही. शिक्षा म्हणून जी गोष्ट थांबणार, ती एरवी नित्य घडत होती हे उघड आहे. यहुदी समाजाने ही रीत आजतागायत जपली आहे. दफनानंतरचे पहिले जेवण शोकाकुल माणसाने स्वतःच्या घरचे खायचे नाही, ते शेजाऱ्यांनी आणायचे. त्यात मसूर आणि अंडी असे गोल आकाराचे पदार्थ असतात.

येथे अन्नाच्या दोन वाटा स्पष्ट दिसतात. एक वाट थडग्याकडे जाते आणि दुसरी शोक करणाऱ्या घराकडे. पुढील इतिहास या दोन वाटांचाच आहे.

प्राचीन रोममध्ये 13 ते 21 फेब्रुवारी या दिवसांत ‘पारेंतालिया’ नावाचे पर्व पाळले जाई. नावाप्रमाणेच ते मातापित्यांचे पर्व होते. घरोघरची माणसे नगराबाहेरील थडग्यांवर जात आणि तेथे धान्य, मीठ, द्राक्षारसात भिजवलेली भाकर अर्पण करीत. रोमन लोक ख्रिस्ती झाल्यावर ही सवय एकाएकी सुटली नाही. उत्तर आफ्रिकेतील श्रद्धावंत रक्तसाक्षींच्या समाध्यांवर अन्न व द्राक्षारस घेऊन जाऊ लागले.

त्यांच्यात एक विधवा माता होती, संत मोनिका. तिचा पुत्र संत ऑगस्टीन याने आपल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथात एक प्रसंग नोंदवला आहे. पुत्रापाठोपाठ ती इटलीतील मिलान नगरात आली, तेव्हा आफ्रिकेतील रिवाजाप्रमाणे खीर, भाकर आणि द्राक्षारस टोपलीत घालून ती समाध्यांकडे निघाली. द्वारपालाने तिला अडवले. महागुरू संत अँब्रोज यांनी ही प्रथा बंद केली होती. कारणे दोन होती. समाध्यांजवळ मद्यपान बोकाळले होते आणि हा सारा प्रकार पारेंतालियासारखा दिसू लागला होता. मोनिका स्वतः एकच लहानसा प्याला नेत असे आणि त्यातलेच घोट सर्वांना वाटत असे. तिच्यावर अतिरेकाचा आरोप करणे शक्यच नव्हते. तरीही तिने आज्ञा मानली. त्यानंतर ती समाध्यांकडे प्रार्थना घेऊन जाऊ लागली आणि जे काही देता येईल ते गरिबांना देऊ लागली.

ख्रिस्तसभेच्या इतिहासातील हा प्रसंग छोटा आहे, पण त्याने एक दिशा ठरवली. टोपली नाहीशी झाली नाही, ती थडग्याकडून भुकेल्यांकडे वळली. पुढे इ. स. 387 मध्ये ओस्तिया बंदरात मोनिकेचा अंतकाळ जवळ आला, तेव्हा परमुलखात देह ठेवावा लागणार म्हणून तिने खंत केली नाही. देह कोठेही पुरा, मात्र प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढेच मागणे तिने मुलांकडे मागितले.

अकराव्या शतकाच्या उंबरठ्यावर फ्रान्समधील क्लूनी मठाचे प्रमुख संत ओदिलो यांनी 2 नोव्हेंबर हा दिवस सर्व मृतांच्या स्मरणासाठी नेमून दिला. प्रार्थनेबरोबर दानधर्मही त्या दिवसाचा भाग होता. हळूहळू युरोपभर या दिवसाची स्वतंत्र पक्वान्ने तयार झाली. इंग्लंडमध्ये मसाले घातलेल्या लहान गोल केकना ‘आत्म्यांचे केक’ म्हणत. घरधनीण ते भाजून ठेवी, दाराशी आलेले गरीब ते घेत आणि त्या घरातील मृतांसाठी प्रार्थना करीत. 1547 साली तेथील राजसत्तेने मृतांसाठी मिस्सा अर्पण करण्याकरिता ठेवलेल्या देणग्या जप्त केल्या आणि शुद्धिस्थानाची शिकवणही पुसून टाकली. तरी चेशायर, श्रॉपशायर यांसारख्या परगण्यांत मुले त्या केकसाठी एकोणिसाव्या शतकातही दारोदार फिरत होती. शिकवण लोकांच्या तोंडून काढून घेता आली, पण आईच्या हातचा केक घरातून काढता आला नाही.

सिसिली बेटावर 1 नोव्हेंबरच्या रात्री घरातील मृत वडीलधारी माणसे मुलांसाठी भेटी ठेवून जातात, असे मुलांना सांगितले जाई. त्या भेटींत बदामाच्या वाटणापासून केलेली रंगीत फळे असत. पालेर्मो येथील मार्तोराना मठावरून त्यांना नाव मिळाले आहे. नाताळात आपल्या घरी होणारे मार्झिपान याच फळांच्या गोत्रातले.

पोर्तुगालमध्ये सर्व संतांच्या सणाला मुले घरोघरी जाऊन ‘देवाच्या नावाने भाकर’ मागत आणि त्यांना मध व तेल घातलेले छोटे केक मिळत. 1 नोव्हेंबर 1755 रोजी, याच सणाच्या सकाळी, भयंकर भूकंपाने लिस्बन नगर उद्ध्वस्त केले. त्यानंतर या मागणीला अधिक करुण अर्थ आला, असे तेथील लोक सांगतात. त्याच देशात काही घरांतून नाताळच्या पूर्वरात्री कोन्सोआदा आटोपल्यावर टेबल आवरत नाहीत. दिवंगत आप्तांसाठी ते रात्रभर तसेच मांडलेले असते. अशा रीतीने मृतांची आठवण नोव्हेंबरातून डिसेंबरात आली आणि सणाच्या पानावर बसली.

हीच परंपरा समुद्रमार्गे आपल्या किनाऱ्यावर उतरली. 1606 साली महागुरू आलेइशो द मेनेझिस यांनी जुन्या गोव्यात धर्मभगिनींसाठी मठ स्थापन केला. ते स्वतः ऑगस्टीनच्या संघाचे होते आणि मठाला त्यांनी नाव दिले संत मोनिकेचे. मिलानच्या दारात जिची टोपली अडवली गेली, तिच्या नावाचा हा मठ पुढे मिठाईसाठी प्रसिद्ध व्हावा, हा इतिहासाचा सुखद योगायोग होय. बेबिंका याच मठातील बिबियाना नावाच्या भगिनीने प्रथम केली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेला पुराव्याचे बळ नाही, पण पदार्थ मात्र दोन भूमींच्या मीलनाची साक्ष देतो. अंड्यांचे बलक वापरण्याची रीत पोर्तुगीज मठांची आणि नारळाचा रस आपल्या मातीचा. वरून निखाऱ्यांची धग देऊन एक थर भाजायचा, त्यावर तूप सोडायचे आणि तो बसल्याशिवाय दुसरा ओतायचा नाही. सात थर होईपर्यंत भाजणारीला चुलीपासून हलता येत नाही. 1834 मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बरखास्त केले, मठांत नव्या भगिनी घेण्यास बंदी झाली आणि शतक संपण्यापूर्वी मोनिकेचा मठ ओस पडला. पाककृती मात्र गावोगावच्या आयांच्या हाती सुरक्षित राहिली.

या कथेत एक कटू पान आहे, ते झाकून ठेवू नये. 1736 मध्ये इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्याने लग्न, मृत्यू आणि खाणेपिणे यांतील अनेक देशी चालीरीती गोव्यातील ख्रिस्ती घरांना निषिद्ध ठरवल्या. अँब्रोज यांच्या मनाईने टोपलीला नवी वाट दाखवली होती, या मनाईने फक्त धाक घातला. तरीही लग्नापूर्वी घराण्यातील मृतांच्या नावाने गरिबांना पंगतीला बसवण्याची रीत गोव्यात टिकून राहिली. ‘भिकाऱ्यांचें जेवण’ म्हणतात ते हेच. आनंदाच्या दारातून आत जाण्याआधी गेलेल्या आईबापांची आठवण करायची आणि ती भुकेल्याच्या पानावर ठेवायची, हा त्यामागचा भाव आहे.

आपल्या वसई-मुंबईच्या ख्रिस्ती घरांनाही ही परंपरा परकी नाही. वसईवर 1739 पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. आपल्याकडील नाताळच्या ताटात कुलकुल आणि मार्झिपान यांच्या शेजारी करंजीची सख्खी बहीण नेवरी बसते. ईस्ट इंडियन घरांत रवा, नारळ व अंडी यांचे मिश्रण थाळीत भाजतात. घरोघरी ओव्हन नव्हते त्या काळी केकची पात्रे गावातील पावाच्या भट्टीवर भाजायला नेत, आणि कोणाच्या घरचे पात्र यंदा आले नाही हे भट्टीवरच सर्वांना समजत असे. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला, त्या घरी गोडधोड होत नसे. तेथे शेजाऱ्यांचे ताट जाई. आपल्या हिंदू बांधवांकडेही पहिल्या दिवाळीला फराळ करत नाहीत, तो आप्तस्वकीयांकडून येतो. यिर्मयाने वर्णिलेली रीत आपल्या आळीत या रूपाने जिवंत होती. ‘कोन्सोआद’ या शब्दाचा अर्थ आपल्याला ठाऊक नसला, तरी आपल्या आयांना तो कृतीने ठाऊक होता.

आज मिठाईची पाकिटे वर्षभर दुकानांत मिळतात. 2023 साली गोव्याच्या बेबिंकेला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आनंदच आहे. परंतु मानांकन पदार्थाचे रक्षण करते, रीतीचे नाही. आई किंवा वडील गेल्यानंतरच्या पहिल्या नाताळात गोड करावे की करू नये, असा प्रश्न धर्मगुरूला दर डिसेंबरात कोणी ना कोणी विचारतो. कोणाला गोड करणे हा मृताचा अनादर वाटतो, तर कोणाला न करणे हा सणाचा. या दुविधेत एखादे कुटुंब दार लावून बसते. शेजारीही संकोचाने तिकडे फिरकत नाहीत. शोकघर एकटे पडते ते असे.

इतिहासाने या प्रश्नाला दिलेले उत्तर साधे आहे. पहिल्या वर्षी भट्टी पेटली नाही तरी चालेल. मात्र शेजाऱ्याने ताट न्यावे आणि शोक करणाऱ्याने ते नाकारू नये. मिस्साबलिदानात दिवंगतांचे नाव घ्यावे, कारण मोनिकेने मागितले होते ते तेच. दुसऱ्या वर्षी लेकीने किंवा लेकाने आईचा साचा खाली काढावा, तिच्या हाताचे माप आठवत तोच पदार्थ भाजावा. पहिला तुकडा फोटोपुढे ठेवण्यापेक्षा ताट भरून त्या वर्षी ज्या घरात मृत्यू झाला असेल त्या घरी न्यावे. ताट उचलून आपल्यापेक्षा नव्या शोकाच्या दाराशी नेले, की ते खऱ्या अर्थाने आईच्या स्मरणार्थ केलेले ठरते.

मग ते रिकामे परत देण्याची घाई त्या घराने करू नये. ताट पुढच्या वर्षी भरून परत यावे, म्हणजे रीत चालू राहील.