मेनूची मांडणी, सीएसएसमधील

मेनूची मांडणी, सीएसएसमधील : संकेतस्थळाच्या विभागांकडे नेणाऱ्या दुव्यांची यादी पडद्यावर आडवी, उभी किंवा उघडझाप करणारी बसवण्याची रीत. यादीतला मजकूर आणि त्याची श्रेणी एचटीएमएलमध्ये लिहितात. तिचे दृश्य रूप सीएसएस ठरवते. त्यात दोन साधने मुख्य आहेत. नियम कोणत्या घटकाला लागू होईल हे सिलेक्टर सांगतो, तर तो घटक व त्याच्या पोटातले घटक जागा कशी घेतील हे डिस्प्ले हा गुणधर्म ठरवतो.

इतिहास : होकोन व्हियुम ली यांनी १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये सीएसएसची कल्पना मांडली. बर्ट बॉस यांच्यासह विकसित झालेली पहिली आवृत्ती १७ डिसेंबर १९९६ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची शिफारस बनली. आडव्या मेनूसाठी प्रथम फ्लोट आणि पुढे इनलाइन-ब्लॉक वापरत. फ्लोटमुळे बाहेरच्या चौकटीची उंची कोसळे, तर इनलाइन-ब्लॉकमध्ये कोडमधील मोकळ्या जागेमुळे दुव्यांमध्ये नको ती फट पडे. डिस्प्लेचे फ्लेक्स हे मूल्य रुळल्यावर दोन्ही अडचणी सुटल्या. २०१७ मध्ये प्रमुख ब्राउझरांत ग्रिड हे मूल्यही आले.

सिलेक्टर : पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याच्या माहितीस्थळाचा मेनू उदाहरणादाखल घेता येईल. वरच्या पातळीवर ‘ग्रामपंचायती’, ‘किल्ले’ आणि ‘पर्यटन’. ‘किल्ले’खाली घनगड व कोरीगड, ‘पर्यटन’खाली ताम्हिणी घाट. ‘नॅव’ हा मेनूचा आणि ‘यूएल’ हा यादीचा एचटीएमएल घटक. ‘नॅव यूएल’ हा वंशज सिलेक्टर मुख्य यादीबरोबर पोटयाद्याही पकडतो. त्यामुळे घनगड आणि कोरीगडही आडव्या ओळीत जातात. ‘नॅव > यूएल’ हा अपत्य सिलेक्टर फक्त मुख्य यादीवर थांबतो. वाचक ज्या पानावर आहे त्याचा दुवा ‘एरिया-करंट’ या गुणविशेषावरून निवडून उठावदार करता येतो. एका घटकावर दोन नियमांची टक्कर झाली, तर सामान्यतः आयडीचा सिलेक्टर क्लासवर व क्लासचा घटकनावावर मात करतो. बरोबरी झाल्यास नंतर लिहिलेला नियम लागू होतो.

डिस्प्ले : ब्लॉक घटक नव्या ओळीवर सुरू होतो, इनलाइन घटक ओळीतच राहतो. दुव्याला ब्लॉक केले की अक्षरांभोवतालची सगळी चौकट दाबता येते. यादीला फ्लेक्स दिले की तिची अपत्ये एका ओळीत येतात. फ्लेक्स-रॅपने जादा दुवे पुढच्या ओळीत उतरतात आणि अरुंद पडद्यावर दिशा बदलून तीच यादी उभी होते. अनेक रकान्यांच्या मोठ्या मेनूला ग्रिड सोयीचे. डिस्प्लेला ‘नन’ हे मूल्य दिलेली पोटयादी पडद्यावरून जाते, तशीच ती मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरलाही मिळत नाही.

देवनागरीतील मेनू : मराठी मेनूला इंग्रजी मेनूची मापे जशीच्या तशी लावू नयेत. वेलांट्या, मात्रा आणि रफार शिरोरेषेच्या वर, तर उकार अक्षराखाली येतात. ठरावीक उंचीच्या पट्टीत ते कापले जाऊ शकतात. म्हणून ओळीची उंची सैल ठेवतात. अक्षरांमधील अंतर वाढवल्यास शिरोरेषा तुटते. लॅटिन मथळ्यांप्रमाणे कॅपिटल अक्षरे वापरून उठाव देता येत नाही. त्यासाठी जाडी वा रंग वापरावा. पानावर मराठीची भाषाखूण असेल, तर ‘लँग’ सिलेक्टरने हे नियम फक्त मराठी मजकुराला लावता येतात.

सुगम्यता : केवळ माउस नेल्यावर उघडणारा मेनू कळफलकावर काम करणाऱ्याला बंदच राहतो, म्हणून ‘होव्हर’सोबत ‘फोकस-विदिन’ द्यावे. मोबाइलवर माउस नसल्याने पोटयादी उघडायला स्वतंत्र बटण हवे. २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ या वेब सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दाबण्याची जागा, काही अपवाद वगळता, किमान २४ × २४ सीएसएस पिक्सेल असावी. दुव्यांचा क्रम एचटीएमएलमध्येच अर्थपूर्ण ठेवावा. फ्लेक्सने केवळ दृश्य क्रम बदलला, तरी कळफलकावरून साधारणपणे मूळ क्रमानेच पुढे जावे लागते.