जुना आवाज, नवं वाद्य

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

वसईच्या किल्ल्यात गेलो की माझी पावलं जेझुइटांच्या पडक्या चर्चपाशी हमखास थांबतात. दर्शनी भिंत उभी आहे, वर छप्पर नाही. चिमाजी अप्पांनी 1739 साली किल्ला जिंकला आणि वसईच्या चर्चमधल्या घंटा देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आणि वाईजवळच्या मेणवलीत त्या आजही पाहायला मिळतात. घंटा धातूची, त्यामुळे तिचा आवाज टिकला. पण लाकूड आणि तात यांच्या वाद्यांचं काय होतं? आज त्याविषयी बोलायचं आहे, आणि उदाहरण घेणार आहे चेलोचं.

चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, खर्जात बोलणारा. वादक खुर्चीवर बसून तो गुडघ्यांत धरतो. गंमत अशी, की त्याचं बालपण आणि पोर्तुगीज वसई एकाच काळातली. 1534 साली वसई पोर्तुगीजांकडे गेली. त्याच शतकात इटलीतल्या क्रेमोना गावी आंद्रेआ अमाती अशी वाद्यं घडवत होता. वसई पडली तेव्हा बाख हयात होता आणि चेलोसाठीच्या त्याच्या सहा प्रसिद्ध रचना लिहून झाल्या होत्या.

सुरुवातीचे चेलो अवजड असत. त्याचं कारण साधं आहे. खर्जाचा सूर हवा असेल तर तार लांब हवी, नाहीतर जड हवी. जनावराच्या आतड्याची तात नुसतीच जाड केली तर ती घोगरी वाजते, म्हणून वाद्यच लांब करावं लागे. 1660 च्या सुमारास इटलीत तातीवर धातूची बारीक तार गुंडाळण्याची युक्ती रूढ होऊ लागली. तात बारीक राहूनही जड झाली आणि वाद्य आखूड करता आलं. स्त्रादिवारीचा 1701 चा एक चेलो सुमारे 79 सेंटिमीटर लांबीचा आहे. 1707 नंतर त्याने 75-76 सेंटिमीटरचा नमुना धरला. आजचे चेलो बहुतेक त्याच मापाचे.

मग आधीचे मोठे चेलो? ते चक्क कापले गेले! अमातीने फ्रान्सच्या राजदरबारासाठी घडवलेला एक चेलो अमेरिकेतल्या संग्रहालयात आहे. त्याच्यावरची राजचिन्हांची रंगीत नक्षी मधूनच तुटलेली दिसते, कारण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो लहान करण्यात आला. इतर जुन्या वाद्यांच्याही माना बदलल्या, पोटातली पट्टी मजबूत झाली, पुढे पोलादी तारा आल्या. वाद्य जुनं राहिलं, आवाज मात्र नवा झाला. त्यामुळे जुना आवाज ऐकायचा तर वाद्य नव्याने घडवण्यावाचून गत्यंतर नाही.

असाच एक प्रयोग दिमित्री बादियारोव या व्हायोलिनवादक कारागिराने केला. बाखच्या सहा रचनांपैकी शेवटची पाच तारांच्या वाद्यासाठी आहे. चार तारांच्या चेलोवर ती वाजवताना भल्याभल्यांना घाम फुटतो. बाखच्याच लायप्झिगमध्ये हॉफमान नावाचा कारागीर होता. त्याची पाच तारांची छोटी वाद्यं शिल्लक आहेत. त्या धाटणीवर बादियारोवने 2004 साली बेल्जियमचे वादक सिगिसवाल्ट कुइकेन यांच्यासाठी एक छोटा चेलो बनवला. गळ्यात पट्टा अडकवायचा आणि खांद्याशी आडवा धरून वाजवायचा.

अडचण पुन्हा तारेचीच. एवढ्याशा वाद्यातून चेलोचा खर्ज काढायचा कसा? तार भरपूर जड हवी, पण ती जाड झाली की गजाला दाद देत नाही. लाकडाइतकाच विचार तारेच्या गुंडाळणीचा करावा लागला. अखेर कुइकेन यांनी सहाही रचना या वाद्यावर ध्वनिमुद्रित केल्या. बाखच्या मनात हेच वाद्य होतं का, यावर जाणकारांत आजही वाद आहे. पण त्या वादाला आता कानांची साक्ष मिळाली, हे काय थोडं झालं?

हे सगळं वाचताना मला आजोबांचं व्हायोलिन आठवत होतं. आजोबा सणावाराला चर्चमध्ये ते वाजवत. त्यांच्या वेळी त्याला तात होती. पावसाळ्यात ती सैल पडे आणि आजोबा खुंट्या पिळत बसत. पुढे घरच्यांनी ते दुरुस्तीला दिलं. पोलादी तारा आल्या आणि आतली पट्टीही बदलली. मध्यंतरी मी हौसेने पुन्हा तात लावून घेतली. कारागिराने आधीच बजावलं होतं, "काका, आजोबांचा आवाज यातून यायचा नाही." तसंच झालं. घरात कोणी बोललं नाही. मी व्हायोलिन पेटीत ठेवून दिलं.

पेटी बंद करण्यापूर्वी मात्र काठी, घोडी, मान यांची मापं वहीत उतरवून घेतली. आजीला तो आवाज आठवत होता तेव्हा तिला कोणी विचारलं नाही, ही चुटपुट आहेच. श्रोतेहो, तुमच्या घरी माळ्यावर एखादी सारंगी, दिलरुबा किंवा व्हायोलिन असेल, तर दुरुस्तीला देण्याआधी एवढं करा: त्याची मापं घ्या, जुनी तार जपून ठेवा, आणि ज्यांनी ते वाजताना ऐकलंय त्यांना विचारून ठेवा. पुढे कुणाला ते नव्याने घडवावंसं वाटलं, तर त्याला यातूनच सुरुवात करावी लागेल.