दिवेलागणीची शाळा

धर्मग्रामाची ज्युबिली आली म्हणजे शाळेचा इतिहास लिहिण्याची चाल आपल्यांत आहे, आणि ती योग्यच आहे. कोणत्या फादरांनीं पाया घातला, कौलें कोणीं दिलीं, इमारतीवर मजला केव्हां चढला, पहिला मॅट्रिक झालेला विद्यार्थी कोणत्या घराण्यांतला, हें सारें अशा लेखांतून वाचावयास मिळतें. परंतु जिला इमारत नव्हती, हजेरीपट नव्हता, सरकारी ग्रँट नव्हती, आणि जी दिवा लागला कीं घराघराच्या ओटीवर भरत असे, त्या शाळेसाठीं सहसा एक परिच्छेदही राखून ठेविलेला नसतो. प्रस्तुत लेखांत त्या दुसऱ्या शाळेचा विचार कर्तव्य आहे. उत्तर कोंकणांतील आम्हां मराठीभाषी कॅथलिकांचें प्राथमिक शिक्षण कित्येक पिढ्या तिच्याच आधारावर उभें होतें, आणि मधल्या काळांत पहिली शाळा बंद पडली तेव्हां हीच काय ती शिल्लक राहिली.

संत फ्रान्सिस झेवियर १५४२ च्या मे महिन्यांत गोव्यास उतरले. हातांत घंटा घेऊन ते रस्त्यांतून हिंडत आणि मुलांस व दासदासींस धर्मपाठासाठीं गोळा करीत, ही गोष्ट आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकलेली आहे. तिच्या पुढची गोष्ट तितकी परिचित नाहीं. दक्षिणेच्या किनाऱ्यावर मोतीं काढणाऱ्या परवर लोकांत काम करूं लागल्यावर त्यांनीं मुख्य प्रार्थना तेथील जाणत्यांच्या साह्यानें तामीळ भाषेंत उतरविल्या, स्वतः पाठ केल्या व मुलांकडून पाठ करून घेतल्या. शिकलेला पाठ घरीं जाऊन आईबापांस, घरच्या माणसांस आणि शेजाऱ्यांस शिकवा, असें मुलांस बजावून सांगितल्याचें त्यांनीं जानेवारी १५४४ मध्यें कोचीनहून धाडलेल्या पत्रांत लिहिलें आहे. म्हणजे पाठ आंखूड, घरच्या भाषेंतला, आणि घरीं जाऊन पुन्हां म्हणावयाचा. यांत घर हें शाळेचें शेपूट नव्हे. पाठ पुरा होण्याचें तेंच ठिकाण आहे. शिवाय येथें शिकविणारें मूल आहे आणि ऐकणारी आई आहे, हा उलटा क्रम वाचकांनीं ध्यानांत ठेवावा; त्याचें काम पुढें पडणार आहे.

वसई प्रांत १५३४ च्या तहानें पोर्तुगीजांकडे आला होता. पुढें किल्ल्यांत जेझुइटांचें विद्यालय निघालें. त्याचा लाभ थोडक्यांसच मिळाला. पण त्या थोडक्यांत एक मुलगा असा निघाला कीं त्याचें नांव आपण नित्य घेतों. संत गोन्सालो गार्सिया याचा बाप पोर्तुगीज, आई कोंकणातली. घरांतच दोन भाषा कानांवर पडत असलेला हा मुलगा जेझुइटांपाशीं शिकला, तरुणपणींच जपानांत गेला, आणि त्यानें ती कठीण भाषा अशी आत्मसात केली कीं १५९३ मध्यें फिलिपाइन्सहून जपानांत गेलेल्या फ्रान्सिस्कन मंडळीनें त्यासच दुभाषी म्हणून बरोबर नेलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें तो क्रुसावर चढला. १८६२ सालीं पवित्र सभेनें त्यास संतपद दिलें. त्याच्या हौतात्म्याविषयीं आपल्या देवळांतून पुष्कळ प्रवचनें होतात. त्याच्या दुभाषेपणाविषयीं मात्र फारसें कोणी बोलत नाहीं, आणि माझ्या मतें ही उणीव आहे.

गोव्याकडे याच सुमारास फादर थॉमस स्टीफन्स आपलें कार्य करीत होते. ते जातीचे इंग्रज. १५७९ मध्यें गोव्यास आले आणि १६१९ मध्यें तेथेंच वारले. त्यांचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं रायतूर येथें छापून निघालें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ रोमन लिपींत छापलेला होता. आणि ओवी हा छंदच असा कीं ज्यास एक अक्षरही वाचतां येत नाहीं त्यासही तो चार वेळां ऐकून पाठ होतो. लहानांसाठीं त्यांनीं कोंकणींत प्रश्नोत्तररूप धर्मपाठ लिहिला, तो त्यांच्या मागें १६२२ सालीं प्रसिद्ध झाला. उत्तर कोंकणासही असें पुराण लाभलें. पाद्री फ्रान्सिस्कु वाझ द गिमरांइश यांचें ख्रिस्ताच्या दुःखसहनावरील काव्य १६५९ सालीं लिस्बन येथें छापलें गेलें. त्याची भाषा इकडच्या ख्रिस्ती बोलीच्या जवळची मराठी आहे, आणि एकोणिसाव्या शतकांत तें मुंबईंत पुन्हां छापावें लागलें. दोनशें वर्षांनीं ग्रंथ पुन्हां छापावा लागतो तो कपाटांत ठेविल्यानें नव्हे. तो घरोघर गाइला जातो म्हणून.

या मार्गांत सरकारनें एकदां मोठा धोंडा घातला. १६८४ च्या जून महिन्यांत गोव्याच्या व्हाइसरॉयनें हुकूम काढला कीं तीन वर्षांच्या आंत देशी लोकांनीं आपली भाषा सोडून पोर्तुगीजच बोलावी. हुकूम कागदावर कडक होता. परंतु चुलीपुढें बसलेली बाई मुलास निजवितांना कोणत्या भाषेंत बोलते, हें पाहावयास कोणता अंमलदार जाणार? ‘क्रिस्तपुराणा’च्या मूळच्या छापील प्रतींपैकीं एकही आज उपलब्ध नाहीं. जें वांचलें तें लोकांनीं हातानें उतरून ठेविलेल्या प्रतींमुळें वांचलें. अशाच प्रतींवरून १९०७ सालीं मंगळूर येथें जोसेफ सालढाणा यांनीं तें पुन्हां छापविलें. छापखान्याचें पुस्तक हरवलें आणि घरची वही टिकली, हा आमच्या शिक्षणाच्या इतिहासांतला मोठा बोलका प्रसंग आहे.

आतां वसईकडे परत येऊं. मे १७३९ मध्यें चिमाजी अप्पांच्या फौजेनें किल्ला घेतला. युरोपीय साधुसंघ निघून गेले, विद्यालय ओस पडलें. त्याच्या भिंती आजही किल्ल्यांत उभ्या आहेत. खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती लोक मोजक्या देशी धर्मगुरूंच्या आधारानें राहिले. कॉलेज नाहीं, वरून येणारा पैसा नाहीं, अशा स्थितींत प्रार्थना, सणांचे दिवस, संतांच्या कथा, गाणीं, हें सर्व आजीकडून नातवाकडे तोंडानेंच गेलें. हा काळ लिहिणारे बहुधा ‘अंधारयुग’ म्हणून चार ओळींत उरकतात. मला तें पटत नाहीं. ज्या काळांत एकही शाळा नसतां एवढा समाज आपला धर्म व आपली भाषा न विसरतां टिकला, त्या काळांत घरांतील शिक्षण जोरांत चालू होतें असेंच म्हटलें पाहिजे.

शेजारच्या हिंदु घरीं दिवेलागणीस परवचा होत असे. पंतोजींच्या शाळेंत दिवसा धुळाक्षरें गिरविलेलें मूल सायंकाळीं हातपाय धुऊन देवापुढें बसे आणि पाढे, वार, महिने, तिथि, नक्षत्रें खड्या आवाजांत म्हणे. आमच्याकडे त्याच घटकेस देवळाची घंटा होई, आंजेलसची प्रार्थना होई, आणि मग सगळें घर जपमाळेस बसे. ज्या घरांतील मुलें पुढें मराठी शाळेंत जाऊं लागलीं त्या घरांत जपमाळेच्या मागोमाग पाढेही आले. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी! आजच्या मुलांस हे शब्द मंत्रासारखे वाटतील. पण रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै असतां याच पाढ्यांवर बाजार चालत असे. समजा, साडेतीन आणे डझन या भावानें नऊ डझन केळीं विकलीं. औटकी पाठ असलेलें पोर ‘औट नवे साडेएकतीस’ असें तत्काळ सांगे, म्हणजे एक रुपया पंधरा आणे सहा पै. आणि मुंबईच्या बाजारांत टोपली घेऊन जाणाऱ्या आईस दलालाच्या तोंडाकडे पाहण्याचें कारण उरत नसे. केळीच्या व पानवेलीच्या बागांवर जगणाऱ्या वसईस या पाढ्यांची किंमत पुस्तकांतून शिकावी लागली नाहीं. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणीं आलीं, मागोमाग मेट्रिक वजनें आलीं, आणि औटकीचें काम संपलें.

सरकारी शिक्षणाचा पाया १८५४ च्या खलित्यानें घातला गेला. खाजगी व मिशनरी शाळांस ग्रँट मिळूं लागली. दिपोटी येणार म्हणून शाळा सारवली जाऊं लागली. परंतु गांवांतला खरा झगडा शाळा व अज्ञान यांच्यांत नव्हता. तो शाळा व रहाट यांच्यांत होता. बागेस पाणी देण्यासाठीं रहाटाच्या बैलामागें कोणी तरी असावें लागे, आणि त्या कामास दहा वर्षांचा मुलगा पुरत असे. मुलगी असली तर पाठचें भावंड सांभाळण्यास ती हवीच. अशा घरच्या बापानें मुलास पाटी देऊन पाठविलें आणि स्वतः दोन वेळां रहाटावर उभा राहिला, तर त्यास मुलाच्या अभ्यासांत साह्य केलें असें म्हणावयाचें कीं नाहीं? त्यास बाराखडी येत नसेल. पण याहून मोठें साह्य कोणी केलें असेल असें मला वाटत नाहीं. नगर जिल्ह्यांत १८७६–७८ च्या दुष्काळानंतर जेझुइट धर्मगुरूंनीं जें कार्य उभारलें तेथें हा प्रश्न याहून बिकट होता. तेथील पुष्कळ आईबापांस गांवानें पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेविलें होतें, आणि चिमणीभर घासलेटही त्यांस जड होतें. दिवसा मुलांस शिकवून सायंकाळीं मोठ्यांची प्रार्थना घेणारा मिशनचा मास्तर हाच तेथें शाळा व घर यांच्यामधला दुवा होता.

यापुढें आमच्या समाजाच्या वाटा फुटल्या. मुंबई, बांद्रें, साष्टी या भागांतील बांधवांनीं इंग्रजी शाळा धरली. १८५३ मध्यें आगगाडी सुरू झाली होती. रेल्वे, कचेऱ्या, पेढ्या यांतील नोकऱ्या इंग्रजी जाणणारासच मिळत. १८८७ मध्यें त्यांनीं ‘ईस्ट इंडियन’ हें नांवही घेतलें. वसईकरांनीं मात्र दीर्घकाळ मराठी शाळा ठेविली. यांत एक चूक व दुसरा बरोबर असा निवाडा देणें अन्यायाचें होईल. इंग्रजीनें कित्येक कुटुंबांस भाकर दिली. पण त्या भाकरीची किंमत कोणीं भरली हेंही सांगितलें पाहिजे. ती घरच्या आईनें भरली. काल तिच्या मांडीवर बसून प्रार्थना शिकलेलें मूल आज पुस्तक उघडून बसलें, आणि तिला त्यांतलें एक वाक्यही कळेना. ती दिवा सरसा करी आणि उठून जाई.

मराठी शाळेंतही अंतर नव्हतें असें नाहीं. मेजर कँडी यांच्या देखरेखीखालीं तयार झालेल्या क्रमिक पुस्तकांची मराठी पुणेरी वळणाची. आमच्या घरीं सामवेदी, वाडवळी अशा बोली. पण हें अंतर एका पायरीचें होतें. आईस तें चढतां येत होतें. नंदाखालच्या मराठी शाळेंत शिकलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं पुढें ‘सुबोध बायबल’ मराठींत आणलें, आणि जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबाद येथें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद भूषविलें. २०२४ च्या जुलैंत ते निवर्तले.

आज वसईंतही इंग्रजी माध्यमाकडे ओढा आहे, आणि दिवेलागणीस आईबाप दोघेही लोकलगाडींत उभे असतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेच्या व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश जागा पालकांस दिल्या, आणि समितींत निम्म्या स्त्रिया असाव्यात असें ठरविलें. २०१२ च्या दुरुस्तीनें अल्पसंख्याकांच्या शाळांत या समितीचें काम सल्ल्यापुरतें राहिलें. २०२० च्या राष्ट्रीय धोरणानें निदान पांचवीपर्यंत शक्य तेथें मातृभाषेंतून शिकवावें असें सांगितलें. हें सर्व ठीकच आहे. पण ज्या घरीं इंग्रजी पुस्तक आलें आहे आणि आजीस इंग्रजी येत नाहीं, त्या घरानें काय करावें? येथें झेवियरांचा तो उलटा क्रम उपयोगी पडतो. आजीनें शिकवावें असें कोणी म्हणत नाहीं, तिनें ऐकावें. आज शाळेंत काय झालें, पाणी आभाळांत कसें जातें, भागाकार कसा मांडतात, हें मुलानें तिला घरच्या बोलींत सांगावें, आणि तिला कळेपर्यंत सांगावें. ज्यास समजलें नाहीं त्यास हें जमत नाहीं. आणि तें कोठें अडलें हें आजीस मास्तरांच्याही आधीं कळतें. यास शिकवणीची फी पडत नाहीं, आणि जपमाळेनंतरचीं दहा मिनिटें पुरतात.

ज्युबिलीनिमित्त देवळाच्या दप्तरांत शोध घेणाऱ्या तरुण मंडळींस एक सूचना करावीशी वाटते. बाप्तिस्म्याच्या वहीवरून शाळेंत जन्मतारखा लिहिल्या जात, हें बहुतेकांस ठाऊक आहे. तशीच विवाहनोंदीची वही पाहावी. तींत वरवधूंच्या व साक्षीदारांच्या सह्या असतात. अंगठे कोणत्या दशकांत कमी होऊं लागले, वधूंची सही वरांच्या मागून किती वर्षांनीं आली, कोणती सही मराठींत आहे व कोणती इंग्रजींत, हें एक एक पान उलटून मोजतां येईल. काम दोन-तीन रविवारांचें आहे. आणि वही चाळतांना एखाद्या वृद्ध माणसास शेजारीं बसवून घेतलें, तर त्या नांवांपैकीं कोणाच्या ओटीवर परवचा होत असे तेंही लिहून घेतां येईल.