विडालच्या नळ्या

1896 पर्यंत मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, डॉक्टर खाटेपाशीच ओळखत. दिवसागणिक चढत जाणारा ताप, त्या मानाने मंद नाडी, वाढलेली प्लीहा. एबर्थने 1880 साली हा जंतू पाहिला होता, गाफ्कीने 1884 साली तो वाढवला. पण समोरच्या रोग्याला हाच आजार आहे हे ठरवायला सोपी परीक्षा नव्हती. ती पॅरिसमध्ये फेर्नां विडालने दिली. रोग्याचं सीरम जंतूंच्या द्रवात मिसळलं की वळवळणारे जंतू थबकतात, त्यांचे पुंजके होतात. व्हिएन्नात ग्रूबर आणि डरहॅमने हे पुंजके आधी पाहिले होते, ग्रूनबाउमही त्याच वाटेवर होता. मात्र ती खूण रोगाला पुरून उरलेल्या शरीराची, असं तेव्हा मानत. आजार अंगात असतानाच ती मिळते, हे विडालने दाखवलं. माझ्या लेखी त्याचं मोठेपण यातच आहे.

तालुक्याच्या रुग्णालयातल्या प्रयोगशाळेत मी हे काम शिकले ते नळ्यांवर. जंतूच्या अंगावरच्या ‘ओ’ प्रतिजनासाठी गोल बुडाची फेलिक्स नळी, शेपटीवरच्या ‘एच’साठी निमुळती ड्रायर नळी. सीरम दुपटी-दुपटीने पातळ करायचं, 1:20, 1:40, 1:80, आणि रात्रभर 37 अंशांच्या वॉटरबाथमध्ये ठेवायचं. सकाळी ‘एच’चा पुंजका पिंजलेल्या कापसासारखा सैल दिसे, ‘ओ’चा दाणेदार. त्याच रक्ताची स्लाइडही बघायची. बहुतेक जंतुसंसर्गांत पांढऱ्या पेशी वाढतात. टायफॉइडमध्ये पुष्कळदा घटतात, आणि त्यांतली इओसिनोफिल पेशी शोधूनही सापडत नाही. ते शून्य दिसलं की मी नळ्या अधिक निरखून बघायचे. ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या चाचण्या दाह आहे एवढंच सांगतात, कशाचा ते नाही.

या चाचणीचा प्राण होता दुसरा नमुना. आपल्याकडे पाण्यातून झालेल्या जुन्या संसर्गामुळे किंवा लशीमुळे धडधाकट माणसाच्या रक्तातही पुंजके करणारी प्रतिद्रव्यं असतात. उलट खऱ्या रोग्यात पहिल्या आठवड्यात ती नसूही शकतात. म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा रक्त घ्यायचं आणि चौपट वाढ झाली का ते बघायचं. ही रीत मोडली याचं मला मनापासून वाईट वाटतं. 1948 साली क्वालालंपूरला क्लोरॅम्फेनिकॉल टायफॉइडवर लागू पडतं असं दिसलं, आणि औषध आपल्याकडे पोचल्यावर ताप उतरलेला रोगी दुसऱ्यांदा सुई टोचून घ्यायला कशाला येईल? पुढे मिनिटभरात स्लाइडवर पुंजका दाखवणारी किट आली. एकाच आकड्यावर निदान होऊ लागलं, आणि कित्येकांनी नसलेल्या टायफॉइडच्या गोळ्या खाल्ल्या.

निदान पक्कं करायचा दुसरा मार्ग रक्तातले जंतू वाढवून बघण्याचा, म्हणजे कल्चरचा. पहिल्या गोळीआधी ते लावलं तर जंतू हाती लागण्याची शक्यता सगळ्यात जास्त, आणि त्यावर कोणतं औषध चालेल तेही कळतं. 1990 च्या सुमारास क्लोरॅम्फेनिकॉलला दाद न देणारे जंतू आपल्या देशात फैलावले, ते ओळखले गेले कल्चरमध्येच. विडालच्या नळ्यांत त्या जंतूंचे पुंजकेही पूर्वीसारखेच झाले असते.