पुण्याचे नाव आणि कुत्र्याचे खाद्य

‘साल्मोनेला पूना’ हे एका रोगजंतूचे नाव आहे. आपल्या पुण्याचे नाव जीवाणूला कसे मिळाले?

१८८५ साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ यांना आजारी डुकरांत एक जीवाणू सापडला. पुढे त्याच्या कुळाला त्यांचे वरिष्ठ डॅनियल साल्मन यांचे नाव मिळाले. डुकरांच्या त्या रोगाचे खरे कारण एक विषाणू होता, हे नंतर कळले. पण साल्मोनेला माणसालाही ताप, जुलाब व पोटदुखी आणतो, हेही स्पष्ट झाले.

या कुळातले जीवाणू सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसतात. मात्र त्यांच्या पृष्ठभागावरील रेणू निरनिराळे असतात. ठरावीक रक्तद्रव मिसळला की ठरावीक प्रकाराच्याच गुठळ्या होतात. नवा प्रकार जेथे सापडला त्या गावाचे नाव त्याला देण्याची रीत पडली. १९३५ साली ब्रिजेस व स्कॉट यांनी वर्णन केलेला प्रकार ‘पूना’ झाला. आज असे २,५०० हून अधिक प्रकार माहीत आहेत.

या नामकरणाचा उपयोग काय? २००६ ते २००८ या काळात अमेरिकेच्या २१ राज्यांत ७९ जणांना ‘श्वार्झेनग्रुंड’ या विरळ प्रकाराची बाधा झाली. जवळजवळ निम्मे रुग्ण दोन वर्षांचे किंवा त्याहून लहान होते. प्रकार एकच, जनुकीय ठसाही एकच. म्हणून इतक्या दूरच्या रुग्णांचा माग एकत्र काढता आला. तो कुत्र्यांच्या कोरड्या खाद्याच्या कारखान्यापर्यंत पोचला. असे खाद्य उष्णतेने शिजते आणि त्यात जीवाणू मरतात. पण चव आणणारा लेप नंतर चढवतात. त्या वेळी ते पुन्हा शिरू शकतात. कोरडेपणात ते वाढत नाहीत, पण महिनोन्‌महिने तग धरतात. कुत्रा धडधाकट दिसत असतानाही त्याच्या विष्ठेतून ते बाहेर पडू शकतात. ज्या घरांत प्राण्यांना स्वयंपाकघरात खायला घालत, तेथे बालकांना धोका अधिक आढळला.

नशिराबादला काय, खानदेशात कुठेही काय, कुत्र्याला उरलेली भाकरी घालण्याची चाल जुनीच आहे. आता जळगाव-भुसावळच्या दुकानांत खाद्याची पाकिटेही मिळतात. पाकीट कोरडे म्हणून ते निर्जंतुक, असे मानू नये. कुत्र्याचे भांडे स्वयंपाकघराबाहेर ठेवावे व वेगळे घासावे, रांगत्या मुलाला त्यापासून दूर ठेवावे आणि खाऊ घातल्यावर हात साबणाने धुवावेत. वर्गात हा विषय निघाला, तर आपण मुलांना आधी एवढेच विचारावे: तुमच्या घरी कुत्र्याचे भांडे कुठे ठेवतात?